राखीव चढाईपटू : सोय की तरतूद?

पावसाळा ओसरू लागला की महाविद्यालयांतून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वारे वाहू लागतात. बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्यामुळे चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर येथील मुलामुलींचे संघ अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ या जिल्ह्यांतील संघांशी झुंजण्याच्या तयारीला लागतात. कबड्डीचा संघ निवडण्याची बैठक ज्यांनी पाहिली असेल त्यांना एक गोष्ट चांगलीच परिचित असेल. पहिल्या सात नावांवर दोन-दोन तास खल होतो; उरलेली पाच नावे मात्र चहाचे कप उचलले जाईपर्यंतच्या पाच मिनिटांत लिहून होतात. कोणी सरावाला नियमित येतो म्हणून, कोणाचे हे शेवटचे वर्ष आहे म्हणून, तर कोणी अमक्याचा भाचा आहे म्हणून या पाचांत बसतो. यांतील पहिली दोन कारणे उदार आहेत आणि तिसरे अनुदार; परंतु संघाच्या गरजेशी तिन्हींचा संबंध सारखाच, म्हणजे नाममात्र असतो.

या पाच नावांपैकी निदान एक नाव, राखीव चढाईपटूचे, संघातील कोणत्याही नावाइतक्याच विचाराने लिहिले गेले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हा प्रश्न वरवर पाहता क्रीडाशिक्षकांच्या अखत्यारीतला वाटेल. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यात नाक खुपसण्याचे कारण काय, असेही कोणी विचारील. परंतु साधने मोजकी, गरजा अनेक आणि उद्याचा भरवसा नाही, अशा स्थितीत निवड कशी करावी हाच तर अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न आहे. बारा जागा, एस.टी.च्या भाड्याचे आणि भत्त्याचे मोजके पैसे आणि केव्हाही मुरगळू शकणारा गुडघा, एवढी सामग्री त्या शास्त्राला पुरेशी आहे.

नियम आणि माणसाचे मोल

प्रथम खेळाचा नियम पाहू. कबड्डीत मैदानात सात खेळाडू उतरतात आणि पाच राखीव असतात. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. चढाई तीस सेकंदांची. चढाईला जाणारा एकटा असतो आणि समोर सात जणांची साखळी असते. त्याच्या घोट्यावर, मांडीवर, कमरेवर, खांद्यावर झडप घालणे हे समोरच्यांचे कामच असते. सामन्यातील सर्वाधिक धडका ज्याला सोसाव्या लागतात, त्याच्यावरच गुण मिळवण्याची सर्वाधिक जबाबदारी असते. म्हणजे जो सर्वांत उपयोगी तोच सर्वांत नाशिवंत. राखीव चढाईपटूचा प्रश्न येथून सुरू होतो.

परंतु तो दुखापतीपुरता मर्यादित नाही. जुन्या मंडळींना या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार आठवत असतील. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत बाहेरच राही, तर अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे. आज सर्वत्र खेळला जातो तो संजीवनीचा प्रकार. संघाने एक गुण मिळवला की आपला एक बाद गडी परत येतो, आणि तोही ज्या क्रमाने गडी बाद झाले त्याच क्रमाने. बाद झालेल्याच्या जागी राखीव खेळाडू उतरवता येत नाही.

या नियमाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. मुख्य चढाईपटू पकडला गेला की तो बाकावर जाऊन बसतो आणि दुसरे कोणी गुण आणीपर्यंत तेथेच बसून राहतो. अशा वेळी पहिल्याला मैदानात परत आणणे हे दुसऱ्या चढाईपटूचे काम ठरते. दुसरा दुबळा असेल तर पहिला कितीही थोर असला तरी त्याचे थोरपण बाकावरच वाया जाते. त्यातच, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाई करणाराच बाद होतो, असा कडक नियम व्यावसायिक स्पर्धेने रूढ केला. तेव्हा एकट्याच्या भरवशावर चाळीस मिनिटे काढण्याचे दिवस संपले आहेत.

अर्थशास्त्रात पर्यायी वस्तू आणि पूरक वस्तू असा भेद करतात. चहा आणि कॉफी पर्यायी, चहा आणि साखर पूरक. राखीव चढाईपटूकडे आपण चहा संपला तर कॉफी या नजरेने पाहतो. प्रत्यक्षात तो बऱ्याच अंशी साखरेचे काम करीत असतो.

सातासमुद्रापलीकडचा दाखला

हाच प्रश्न अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघांना दरवर्षी पडतो. तो फुटबॉल आपल्या फुटबॉलहून वेगळा. लांबट चेंडू हाती घेऊन पुढे सरकायचे आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन जिंकायची, असा तो अकरा-अकरा जणांचा खेळ आहे. त्यात ‘रनिंग बॅक’ नावाचा एक गडी असतो. चेंडू छातीशी धरून प्रतिपक्षाच्या भिंतीत घुसणे हे त्याचे मुख्य काम. आपल्या चढाईपटूचा तो सख्खा नसला तरी चुलतभाऊ म्हणावा असा. धडका त्यालाच अधिक आणि त्याची कारकीर्दही बहुधा अल्पजीवी. संघात त्रेपन्न खेळाडू ठेवता येतात आणि १९९४ पासून एकूण वेतनावर कमाल मर्यादा आहे. पहिल्या रनिंग बॅकवर किती खर्च करायचा आणि त्याच्या मागे कोणाला उभे करायचे, हा तेथील व्यवस्थापकांच्या डोकेदुखीचा विषय आहे.

या संदर्भात १९७२ च्या मायामी डॉल्फिन्स संघाचे उदाहरण बोधप्रद आहे. प्रशिक्षक डॉन शूला यांच्या या संघाने त्या हंगामातील सतराच्या सतरा सामने जिंकले. या संघाकडे धावणारे तीन होते. लॅरी झोंका हा भिंत फोडणारा धिप्पाड गडी, मर्क्युरी मॉरिस हा कडेने निसटणारा वेगवान, आणि जिम किक हा थोडक्या अंतरासाठी आणि चेंडू झेलण्यासाठी उपयोगी. झोंका आणि मॉरिस या दोघांनीही त्या हंगामात हजार यार्डांचा टप्पा गाठला. एकाच संघातील दोघांनी तो गाठण्याची ती पहिलीच वेळ होती. तिघांपैकी कोणीही दुसऱ्याची नक्कल नव्हता. प्रतिपक्षाला तीन वेगवेगळ्या प्रश्नांची तयारी करावी लागे.

त्याच हंगामाच्या पाचव्या सामन्यात संघाचा सूत्रधार बॉब ग्रीसी याचा पाय मोडला. त्याच्या जागी अर्ल मॉरल हा अडतीस वर्षांचा राखीव खेळाडू उतरला. हंगामातील उरलेले सर्व साखळी सामने त्याने सांभाळले आणि संघ अपराजितच राहिला. असा अनुभवी गडी ज्यांनी आधीच बाकावर बसवून ठेवला होता, त्यांना विजयाचे श्रेय द्यायला नको काय?

आपल्याकडचा पुरावा

आता आपल्या मातीतील खेळाकडे वळू. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने ज्या कबड्डीचे प्रात्यक्षिक जगाला दाखवले, तिला २०१४ पासून प्रो कबड्डी स्पर्धेमुळे लिलावाचा बाजार लाभला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या बाजाराने चांगली सामग्री पुरवली आहे.

२०२१-२२ च्या हंगामात तेलुगू टायटन्सची मदार कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई या चढाईपटूवर होती. हंगामाच्या प्रारंभीच तो जायबंदी झाला. संघाला साऱ्या हंगामात एकच सामना जिंकता आला आणि तो तळाला राहिला. पुढच्या, म्हणजे २०२२ च्या हंगामात तमिळ थलायवाज संघाने पवन सेहरावत या अव्वल चढाईपटूसाठी २ कोटी २६ लाख रुपये मोजले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो हंगामभर बाहेर बसला. घाव तोच, किंबहुना अधिक मोठा. परंतु परिणाम निराळा झाला. नरेंदर या नवख्या तरुणाने चढाईची धुरा उचलली, हंगामात दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि थलायवाज प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले. तेथे पुणेरी पलटणने त्यांना ३९-३७ असे निसटते हरवले. त्या विजयात मोठा वाटा असलेला पंकज मोहिते हाही पुण्याच्या अनेक चढाईपटूंपैकी एक होता.

त्यानंतरच्या, २०२३-२४ च्या हंगामात हा विरोध अधिक स्पष्ट झाला. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा पाच कोटींची होती. तेलुगू टायटन्सने तीतील २ कोटी ६० लाख ५० हजार, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम, एकट्या सेहरावतवर खर्च केली आणि बारा संघांत शेवटचा क्रमांक मिळवला. विजेतेपद पुणेरी पलटणकडे गेले. १ मार्च २०२४ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव केला. पुण्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते असे चढाई करणारे चौघे होते आणि ते आधीपासून जपलेले तरुण होते. अंतिम सामन्यात चढाईचा सर्वांत मोठा भार मोहितेने वाहिला.

येथे उतावळा निष्कर्ष काढणे मात्र योग्य होणार नाही. पुण्यानेही त्या वर्षी महंमदरेझा शादलुई या इराणी खेळाडूवर २ कोटी ३५ लाख रुपये खर्च केले होते. मात्र तो मुख्यतः बचावपटू होता. पुढे २०२४ च्या हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला, कर्णधार अस्लम इनामदार हंगामाच्या मध्यावर जायबंदी झाला आणि गतविजेत्या पुण्याला पहिल्या सहांतही स्थान मिळाले नाही. तेव्हा चार चढाईपटू बाळगले की विजय ठरलेला, असा सिद्धांत कोणी मांडू नये. राखीव खेळाडू विजयाची हमी देत नाही. एका दुखापतीने सारा हंगाम कोसळण्याचा संभव तो कमी करतो. विम्याकडून याहून अधिक अपेक्षा करणे हा विम्यावरच अन्याय होय.

तुरीचे तास

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला पुस्तकाविना ठाऊक आहे. कोरडवाहू जमिनीत सोयाबीन पेरताना तो मधूनमधून तुरीचे तास टाकतो. तूर ही सोयाबीनची बारकी आवृत्ती नव्हे. तिचे मूळ खोल जाते, ती उशिरा येते, तिचा बाजार वेगळा. सोयाबीनला ज्या कारणाने फटका बसतो त्याच कारणाने तुरीला बसेलच असे नाही, म्हणून ती तेथे असते. सोयाबीनच्या जोडीला आणखी सोयाबीनच पेरले तर पेरा वाढतो, जोखीम मात्र घटत नाही.

आपले संघ नेमके हेच करतात. पहिला चढाईपटू उंच आणि लांब हाताचा असेल तर राखीव म्हणून त्याच घडणीचा, पण थोडा कमी प्रतीचा मुलगा घेतात. प्रतिपक्षाच्या कोपरारक्षकाने पहिल्याची खोड ओळखली की दुसऱ्याचीही ओळखलेलीच असते. उलट पहिला हाताने गुण टिपणारा असेल तर दुसरा पायाने टिपणारा असावा. पहिला धाडसी असेल तर दुसरा बोनस रेषेवर धीराने गुण वेचणारा असावा. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तेव्हाच बोनस मिळतो. तेव्हा भरल्या मैदानात उपयोगी पडणारा आणि विरळ मैदानात उपयोगी पडणारा हे दोन वेगळे गडी असू शकतात. शिवाय मैदानात जागा सातच असल्याने राखीव चढाईपटूला बचावात किमान एक जागा नेटाने सांभाळता आली पाहिजे. अन्यथा तो चढाईत मिळवील ते पकडीत गमावील.

कोणाला, केव्हा दुखापत होईल हे आधी कळते तर प्रश्नच नव्हता. आपल्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगतात. ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. परंतु ते ऐकून घरी परतलेला शहाणा शेतकरी तुरीचे तास टाकायला विसरत नाही, हे आपण पाहतो. भाकितावर श्रद्धा असो वा नसो, तरतूद ही करावीच लागते. ‘आपला गडी दणकट आहे, त्याला काही होत नाही’ हे वाक्य निवडीच्या बैठकीत भाकितासारखेच उच्चारले जाते. ते ऐकून घ्यावे आणि आठव्या नावाचा विचार सुरू ठेवावा.

हप्ता कोण भरतो?

आतापर्यंत संघाचा विचार केला. आता बाकावर बसणाऱ्याचा करू, कारण या प्रश्नाची खरी बोच तेथे आहे. विमा म्हटला की हप्ता आला. राखीव खेळाडू बाळगण्याचा हप्ता कोण भरतो? महाविद्यालय प्रवासखर्च देते, हे खरे. परंतु खरा हप्ता त्या मुलाच्या वर्षातून कापला जातो. पहाटेचा सराव त्याचाही, बुडालेले तास त्याचेही, फुटलेले गुडघेही त्याचेच. नाव मात्र दुसऱ्याचे. मुलींच्या बाबतीत हा हप्ता अधिक जड असतो. ‘तुला खेळवत नाहीत, तर परगावी जातेस कशाला?’ हा घरचा प्रश्न एकदा विचारला गेला की पुढच्या वर्षी ती मुलगी सरावाला दिसत नाही. आपण एक राखीव खेळाडू गमावतोच आणि त्याबरोबर एका मुलीचे मैदानही गमावतो.

मोठ्या खेळांतही हा हप्ता थोर माणसांनी भरला आहे. पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले. परंतु ज्या काळात बिशनसिंग बेदी भारतासाठी डावखुरी फिरकी टाकत होते, त्या काळात जन्मल्यामुळे त्यांना एकही कसोटी खेळता आली नाही. अमोल मुझुमदार यांनी प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा केल्या आणि तेही भारतीय संघाबाहेरच राहिले.

या मुझुमदारांच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. साखळीच्या अखेरच्या सामन्यात सलामीची प्रतिका रावल जायबंदी झाली. तिच्या जागी शफाली वर्माला बोलावण्यात आले. ती तोपर्यंत संघातही नव्हती. अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले आणि सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. वर्तमानपत्रांनी याला नशिबाचा खेळ म्हटले. परंतु शफाली त्या दिवसांत स्वस्थ बसलेली नव्हती. ती देशांतर्गत स्पर्धेत खेळत होती. बॅट हातात होती, नजर बसलेली होती. हंगामभर केवळ बाकावर बसवून ठेवलेल्या खेळाडूकडून अशी अपेक्षा करता येत नाही. न वापरलेले अवजार गंजते आणि न खेळवलेला राखीव गडी नावापुरता राखीव उरतो.

येथे संघाचा स्वार्थ आणि खेळाडूचा न्याय या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. राखीव चढाईपटूला नियमित खेळवले तर त्याने भरलेल्या हप्त्याची काही अंशी परतफेड होते, आणि संघालाही गरजेच्या वेळी सज्ज गडी मिळतो. हंगामापूर्वीच्या मैत्रीपूर्ण सामन्यांत एक संपूर्ण डाव त्याच्या हाती सोपवावा. हाती पंधरा गुणांची आघाडी असताना मुख्य चढाईपटूला विश्रांती द्यावी आणि दुसऱ्याला उतरवावे. सरावात त्याला पहिल्या फळीच्या बचावासमोर उभे करावे, केवळ नवख्यांसमोर नव्हे. प्रवासभत्ता, दुखापतीचा उपचार, सहभागाचे प्रमाणपत्र आणि सत्काराच्या वेळी व्यासपीठावरील जागा या बाबतींत बाराही जणांत तसूभर फरक करू नये. यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. लागते ती फक्त आठवण.

निवड कशी करावी?

तेव्हा निवड समितीने सात नावे निश्चित केल्यावर चहा मागवण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. आपल्या संघाला कोणत्या एका खेळाडूची अनुपस्थिती मुळीच सोसणार नाही? त्याच्या जागी येणारा त्याच्याहून वेगळ्या रीतीने गुण मिळवणारा आहे काय? तो बचावातील एखादी जागा धरू शकतो काय? आणि गेल्या महिन्याभरात त्याला खऱ्या झुंजीचा सराव मिळाला आहे काय? ज्या नावाला या चारही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळतील, ते कोणाचा भाचा आहे की नाही याची चौकशी करण्याचे कारण उरणार नाही. ज्याला एकाचेही उत्तर मिळणार नाही, त्याला घेऊन जाणे हे संघावर ओझे आहे आणि घरी राहिलेल्या लायक मुलावर अन्याय आहे.

श्रीमंत संघ चुकले तर पुढच्या लिलावात दुसरा खेळाडू विकत घेऊ शकतात. आपल्या महाविद्यालयांना ती मुभा नाही. येथे लिलाव नाही, बदली खेळाडूंचा बाजार नाही. वर्षातून एकदा संघ जातो आणि त्यातील कित्येकांसाठी ती आयुष्यातील अखेरची स्पर्धा असते. दुसऱ्याच सामन्यात मुख्य चढाईपटू लंगडत बाहेर आला की बारा जणांचे वर्ष बाकावरील एका मुलाच्या हाती जाते. तो मुलगा कोण असावा हे त्या क्षणी ठरवता येत नाही. ते बैठकीच्या दिवशीच ठरून गेलेले असते, विचाराने तरी किंवा विचाराविना तरी. यंदाच्या बैठकीत त्या नावासाठी पाच मिनिटांऐवजी अर्धा तास दिला गेला, तरी या लेखाचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.